विश्लेषण : दुरुस्ती आली, अपडेट राहिले... संकेतस्थळांना पोखरणारे ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ काय आहे?

पीक विम्याची बातमी, महाविद्यालयाची गुणवत्ता यादी, पतसंस्थेच्या सभेची सूचना, तुळजापुरातील नवरात्राचे वेळापत्रक... धाराशिव जिल्ह्यातील वाचक आज हे सगळे मोबाइलवर पाहतो. अशी पाने चालवण्यासाठी सहसा वर्डप्रेससारखे तयार सॉफ्टवेअर वापरले जाते. मजकूर टाकला, छायाचित्र जोडले, बटण दाबले की बातमी प्रसिद्ध. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे एकट्या वर्डप्रेसवर चालतात. मात्र सोयीच्या या सॉफ्टवेअरमध्ये एक जुनी त्रुटी पुन:पुन्हा सापडते. तिचे नाव ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ अर्थात ‘एक्सएसएस’. अमेरिकेतील ‘मायटर’ ही संस्था दरवर्षी सर्वाधिक धोकादायक २५ सॉफ्टवेअर त्रुटींची यादी जाहीर करते. २०२३ मध्ये ही त्रुटी त्या यादीत दुसरी होती, २०२४ मध्ये पहिली. ती नेमकी काय आहे, उपाय माहीत असूनही ती का टिकून आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिचा धोका वेगळा का, याचा आढावा.

त्रुटी नेमकी काय?

ग्रामसभेत ग्रामसेवक आलेले अर्ज मोठ्याने वाचून दाखवत आहेत, अशी कल्पना करा. शिपाई शेजारी उभा आहे. ग्रामसेवक जे सांगतील ते करायचे, एवढेच त्याला माहीत. एका अर्जात मध्येच ओळ आहे : ‘दप्तराच्या कपाटाची किल्ली आत्ता अर्जदाराला द्यावी.’ ग्रामसेवकांनी ती ओळ ‘अर्जदार असे म्हणतो’ असे न सांगता सरळ वाचली. शिपायाला वाटले साहेबांचा हुकूम आहे, आणि त्याने किल्ली देऊन टाकली.

येथे ग्रामसेवक म्हणजे संकेतस्थळ आणि शिपाई म्हणजे आपल्या मोबाइलमधला ब्राउझर. संकेतस्थळाकडून आलेल्या पानातील मजकूर ब्राउझर दाखवतो आणि त्यातील आज्ञा पाळतो. या आज्ञा जावास्क्रिप्ट या भाषेत असतात. पानावर वाचकांनीही लिहिलेले बरेच काही असते : प्रतिक्रिया, नाव, शोधलेला शब्द, तक्रार अर्जातील मजकूर. त्यात कोणी आज्ञा दडवून पाठवली आणि संकेतस्थळाने ती तशीच पानात छापली, तर ब्राउझरला ती परक्याची आहे हे कळत नाही. संकेतस्थळाची आज्ञा समजून तो ती पाळतो. ही झाली एक्सएसएस त्रुटी.

यावरचा मूळ उपायही ग्रामसभेतल्यासारखाच आहे. दुसऱ्याचे म्हणणे वाचताना ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण समाप्त’ असे म्हणायचे. पानामध्ये आज्ञा सुरू झाल्याची खूण ‘<’ आणि ‘>’ या चिन्हांनी होते. वाचकाने दिलेल्या मजकुरातील ही चिन्हे, तसेच अवतरणचिन्हे, पानात छापण्यापूर्वी सुरक्षित संकेतांत बदलली, की ती फक्त दिसतात, चालत नाहीत. मोबाइलवर आलेल्या बातमीच्या शीर्षकात कधी कधी मध्येच अँडचे चिन्ह, हॅश आणि काही आकडे दिसतात. हा बदल चुकून दोनदा झाल्याची ती खूण असते. दिसायला विचित्र, पण धोक्याची नाही. धोका हा बदल एकदाही न होण्यात आहे.

हे नाव कधी पडले, प्रकार किती?

हे नाव २००० सालच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतील ‘सर्ट’ या सायबर सुरक्षा केंद्राने या त्रुटीबाबत इशारा प्रसिद्ध केला. इंग्रजी आद्याक्षरांनी होणारे ‘सीएसएस’ हे लघुरूप पानांच्या सजावटीच्या भाषेला आधीच दिलेले होते, म्हणून ‘एक्सएसएस’ रूढ झाले.

त्रुटीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात घातक मजकूर संकेतस्थळाच्या साठ्यातच जाऊन बसतो आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाला लागतो. दुसऱ्यात तो एखाद्या लिंकमध्ये दडलेला असतो. लिंक उघडणाऱ्यालाच तो लागतो. तिसऱ्यात सर्व्हरचा संबंध नाममात्र असतो, पान ब्राउझरमध्ये तयार होतानाच गफलत होते. बातम्या आणि सूचना प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांसाठी पहिला प्रकार सर्वांत महाग पडतो. एकदा मजकूर आत गेला की तो वाट पाहत बसतो.

वाट कोणाची पाहतो?

अ‍ॅडमिनची. हा मुद्दा अनेकदा सुटतो. एक्सएसएस म्हणजे वाचकाच्या मोबाइलवर काहीतरी उघडते, एवढीच समजूत असते. प्रत्यक्षात दडवलेली आज्ञा पान पाहणाऱ्याच्या अधिकाराने चालते. सामान्य वाचकाने पाहिले तर तिला वाचकाएवढेच अधिकार. संकेतस्थळाचा चालक लॉग-इन करून प्रतिक्रिया तपासायला बसला, तर त्याचे सगळे अधिकार तिच्या हाती.

लॉग-इन केल्यावर संकेतस्थळ ब्राउझरला एक कुकी देते. ती दर्शनाच्या पाससारखी असते. एकदा पास मिळाला की पुढच्या दरवाजांवर ओळखपत्र कोणी मागत नाही, पासच पाहतात. आज्ञेने ही कुकी वाचून बाहेर पाठवली, तर पासवर्ड माहीत नसतानाही दुसरा माणूस आत येतो. कुकी आज्ञेला वाचताच येऊ नये अशी सोय मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये आणली. आज ती सर्वत्र आहे. पण तेवढ्याने भागत नाही. पास चोरता आला नाही, तरी आज्ञा पासधारकाचाच हात धरून काम करून घेते : नवा अ‍ॅडमिन तयार कर, अमुक फाइलमध्ये ही ओळ घाल. चालकाला पडद्यावर काहीच दिसत नाही.

यापूर्वी असे कुठे घडले?

ऑक्टोबर २००५ मध्ये ‘मायस्पेस’ या समाजमाध्यमावर सॅमी कामकार या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये अशी आज्ञा दडवली. प्रोफाइल पाहणारा आपोआप त्याचा मित्र होई आणि तीच आज्ञा त्याच्याही प्रोफाइलमध्ये उतरे. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती तिच्या कक्षेत आली.

आपल्याकडील पस्तिशी-चाळिशीतल्या वाचकांना ऑर्कुट आठवत असेल. शनिवार, २५ सप्टेंबर २०१० रोजी ऑर्कुटवर ‘बोम सबादो’ हा संदेश झपाट्याने पसरला. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘शुभ शनिवार’. ज्याने तो स्क्रॅप नुसता पाहिला, त्याच्या खात्यावरून तो पुढे मित्रांना गेला. त्याने कशावरही क्लिक केले नव्हते. ऑर्कुटचे बहुतेक वापरकर्ते तेव्हा ब्राझील आणि भारतात होते. ‘अनोळखी लिंक उघडू नका’ हा सल्ला योग्यच, पण या त्रुटीपुढे तो अपुरा का, हे ऑर्कुटने तेव्हाच दाखवले होते.

वर्डप्रेसमध्ये ही त्रुटी कशी आली?

नोव्हेंबर २०१४ मध्ये वर्डप्रेसने जुन्या आवृत्त्यांमधील प्रतिक्रियांच्या चौकटीतील एक गंभीर एक्सएसएस त्रुटी दुरुस्त केली. फिनलंडमधील संशोधक यूको प्युन्नोनेन यांनी ती शोधली होती. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनीच आणखी एक दाखवून दिली. ती मासलेवाईक आहे.

प्रतिक्रिया आली की वर्डप्रेस ती तपासत असे आणि मग डेटाबेसमध्ये ठेवत असे. डेटाबेसमधील त्या रकान्याची मर्यादा होती ६४ किलोबाइट. त्याहून लांब प्रतिक्रिया आली तर उरलेला भाग मुकाट्याने कापला जाई. संपूर्ण मजकूर निर्धोक म्हणून तपासणीतून सुटला होता. कापल्यानंतर उरलेला तुकडा तसा राहिला नव्हता. दारावर तपासलेली पिशवी आत गेल्यावर फाटावी, तसा हा प्रकार. चालकाने ती प्रतिक्रिया उघडली की आज्ञा त्याच्या अधिकाराने चाले. २७ एप्रिल २०१५ रोजी ४.२.१ ही आवृत्ती आली आणि ही वाट बंद झाली.

वर्डप्रेसच्या मूळ सॉफ्टवेअरला ऑक्टोबर २०१३ पासूनच सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप लावून घेण्याची सोय मिळाली होती. त्यामुळे अशी दुरुस्ती लाखो संकेतस्थळांवर लवकर पोहोचते. आज मूळ वर्डप्रेसपेक्षा अधिक चिंता आहे ती त्याला जोडल्या जाणाऱ्या प्लगइनची.

प्लगइनचा प्रश्न वेगळा का?

फॉर्म, जाहिरात, स्लाइड शो, पान वेगाने उघडणे, अशा प्रत्येक कामासाठी वेगळे प्लगइन असते. ते बनवणारे वेगळे, त्यांची काळजी घेण्याची क्षमता वेगळी. वर्डप्रेसवरील त्रुटींची नोंद ठेवणाऱ्या ‘पॅचस्टॅक’ या कंपनीच्या अहवालानुसार, २०२३ मध्ये नव्याने नोंदल्या गेलेल्या त्रुटींपैकी निम्म्याहून अधिक एक्सएसएसच्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या प्लगइनमधल्या. प्लगइन आपोआप अपडेट करण्याची सोय ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसमध्ये आली, पण ती सहसा चालकाने स्वत: सुरू करावी लागते.

‘लाइटस्पीड कॅश’ या प्लगइनचे उदाहरण बोलके आहे. ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते बसवलेले होते. त्यातील एक्सएसएस त्रुटीसाठी लॉग-इन करण्याचीही गरज नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दुरुस्त झाली. तरीही २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये हल्लेखोर याच त्रुटीतून शिरून नवे अ‍ॅडमिन तयार करत असल्याचे उघड झाले. दुरुस्तीला सहा महिने उलटून गेल्यावरही सुमारे १८ लाख संकेतस्थळांवर जुनीच आवृत्ती होती.

दुसरे उदाहरण ‘पॉपअप बिल्डर’चे. त्यातील त्रुटीचा तपशील डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काही दिवसांतच ‘बलाडा इंजेक्टर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीच्या कारवाया सुरू झाल्या. जानेवारी २०२४ पर्यंत ६,७०० हून अधिक संकेतस्थळे बाधित झाल्याचे आढळले. त्यांचे वाचक खोट्या लॉटरीच्या, बनावट तांत्रिक मदतीच्या पानांवर ढकलले जात होते.

दोन्ही प्रकरणांत दुरुस्ती उपलब्ध होती. हल्लेखोराला लागले काही दिवस आणि चालकांना पुरले नाहीत महिने. एक्सएसएसचा खरा धोका त्रुटी सापडण्यात जेवढा आहे, त्याहून अधिक दुरुस्ती येणे आणि ती लावली जाणे यांमधल्या काळात आहे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा काळ लांबतो तो का?

शासकीय संकेतस्थळांची बाजू तुलनेने बरी आहे. जिल्हा प्रशासनांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र अर्थात ‘एनआयसी’ने एकत्रित व्यवस्था उभारली आहे. दुरुस्ती एका ठिकाणी केली की ती त्या व्यवस्थेवरील सर्व जिल्ह्यांना मिळते. परंडा किंवा लोहारा येथील कर्मचाऱ्याने प्लगइन पाहत बसावे लागत नाही.

अडचण त्याबाहेरच्यांची आहे. स्थानिक बातम्यांची पोर्टल, महाविद्यालये, पतसंस्था, सामाजिक संस्था. अशी संकेतस्थळे सहसा एकरकमी पैसे देऊन बनवून घेतली जातात. बनवणारा मुलगा पुढे पुण्याला नोकरीला जातो. दरवर्षी डोमेन आणि होस्टिंगचे पैसे भरले जातात आणि त्यालाच ‘मेंटेनन्स’ समजले जाते. प्रत्यक्षात ते जागेचे भाडे असते. जागेची डागडुजी त्यात धरलेली नसते. संकेतस्थळ म्हणजे एकदा रंगवून लावलेली पाटी, असा हा समज आहे. खरे तर ते बोअरवेलच्या मोटारीसारखे असते. पाणी येते आहे म्हणून तिच्याकडे पाहायचेच नाही, असे करून चालत नाही.

त्यात दोन सवयी भर घालतात. एक, विकतची थीम किंवा प्लगइन ‘फुकट’ मिळवून बसवणे. अशा प्रतीला अपडेट मिळत नाहीत आणि तिच्यात आधीच काय घातलेले आहे हेही कळत नाही. दुसरी, सर्व वार्ताहरांनी एकच अ‍ॅडमिन खाते वापरणे. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो आणि प्रत्येक जण दिवसभर लॉग-इन असतो. दडवलेल्या आज्ञेला यापेक्षा सोयीचे काही नाही, कारण पान कोणीही उघडले तरी तिला अ‍ॅडमिनच भेटतो.

जिल्ह्याच्या नामांतरानेही एक धडा पुढे आणला आहे. शहराच्या नावातील बदलाला फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. ज्या संस्थांनी त्यानंतर नव्या नावाचे संकेतस्थळ केले आणि उस्मानाबाद नावाचे जुने त्याच होस्टिंगवर तसेच ठेवले, त्यांनी जुन्याकडे आवर्जून पाहायला हवे. नवे कितीही अद्ययावत असले, तरी शेजारच्या जुन्या खोलीचे दार उघडे असेल तर त्यातून नव्या घरात येता येते. वापर संपलेले संकेतस्थळ काढून टाकणे, हाच त्यावर उपाय.

बाधा झाल्याचे कळते का?

अनेकदा नाही. जून २०२२ मध्ये ठाणे पोलीस आयुक्तालयाचे संकेतस्थळ विद्रूप करण्यात आले, तेव्हा ते पहिल्या पानावरच दिसले आणि लगेच बातमी झाली. असा हल्ला दिसण्यासाठीच केलेला असतो. एक्सएसएसमधून शिरणाऱ्याला मात्र न दिसण्यातच फायदा असतो. कित्येकदा घातलेली आज्ञा फक्त मोबाइलवरून, तेही गुगलवरून आलेल्या वाचकालाच दुसरीकडे नेते. कार्यालयातील संगणकावर पान अगदी व्यवस्थित दिसते. म्हणूनच ‘आमच्याकडे तर नीट उघडते’ हे वाचकाच्या तक्रारीवरचे उत्तर असू शकत नाही. बहुतेक वेळा तीच पहिली सूचना असते.

संस्थांनी काय करावे?

पहिले, प्लगइनची यादी काढावी. लागत नाहीत ती फक्त बंद न करता काढून टाकावीत. बंद प्लगइनच्या फाइलही सर्व्हरवर राहतात. उरलेल्यांचे आपोआप अपडेट सुरू करावे आणि बॅकअप वेगळ्या जागी ठेवावा.

दुसरे, अधिकार वाटून द्यावेत. बातमी लिहिणाऱ्याला लेखकाचे खाते पुरते. अ‍ॅडमिनचे खाते एक-दोघांकडेच असावे, ते फक्त व्यवस्थेच्या कामासाठी वापरावे आणि काम झाले की लॉग-आउट करावे.

तिसरे, महिन्यातून एकदा अ‍ॅडमिनची यादी पाहावी. ओळखीचे नसलेले एक नाव दिसले, तरी प्रकरण गंभीर आहे असे समजावे. अशा वेळी केवळ ते नाव काढून भागत नाही. सर्व पासवर्ड बदलणे, सर्व अपडेट लावणे आणि फाइल तपासून घेणे आवश्यक असते, अन्यथा आलेला पुन्हा येतो.

चौथे, करार. संकेतस्थळ बनवून घेताना ‘सुरक्षेचे अपडेट किती दिवसांत लावणार, कोण लावणार’ हे लिहून घ्यावे. पहिल्या वर्षानंतरचा खर्चही त्यात असावा. कोणत्या ठिकाणची स्क्रिप्ट चालू द्यायची हे ब्राउझरला आधीच सांगून ठेवणारे ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ नावाचे धोरण असते. ते लावण्याचे कामही बनवणाऱ्याकडून करून घ्यावे.

वाचकाने काय ओळखावे?

बातमी उघडताच पान सट्ट्याच्या, लॉटरीच्या जागी गेले, ‘ब्राउझर अपडेट करा’ म्हणून फाइल उतरू लागली किंवा ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे आले, तर पान बंद करावे. ‘अलाऊ’ दाबल्यास नंतर फसव्या सूचना येत राहतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढता येते. ओळखीच्या संकेतस्थळावर अचानक आधार क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी मागणारी चौकट आली, तर पत्ता बरोबर असला तरी भरू नये. पत्त्याशेजारचे कुलूप फक्त संपर्क सुरक्षित असल्याचे सांगते, पानातील मजकुराची हमी देत नाही. आणि स्क्रीनशॉट काढून संकेतस्थळाच्या चालकाला कळवावे. पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर संपर्क साधावा.

कायदा काय सांगतो?

परवानगीविना संगणक यंत्रणेत शिरणे किंवा तिचे नुकसान करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार गुन्हा ठरतो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, संकेतस्थळ विद्रूप होणे किंवा त्यात घातक आज्ञा घुसवली जाणे यांसारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे कंपन्या, सेवा पुरवठादार आणि शासकीय संस्थांवर बंधनकारक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणजे शिरणाऱ्यावर गुन्हा आहे, तशी दार उघडे ठेवणाऱ्यावरही जबाबदारी आहे. सभासदांचे मोबाइल क्रमांक, विद्यार्थ्यांचे अर्ज जिच्या संकेतस्थळावर जमा होतात, त्या छोट्या संस्थेलाही ‘आम्हाला त्यातले काही कळत नाही’ असे म्हणून सुटता येणार नाही. दुरुस्ती बहुतेक वेळा फुकट मिळते. ती लावण्याचे काम कोणाचे, एवढे मात्र प्रत्येक संस्थेला आधीच ठरवून ठेवावे लागेल.